जहाज बुडालं खंबाटकीत

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

गेल्या पावसाळ्यात आमच्या ग्रुपमधल्या एका मित्राची गाडी खंबाटकीत आपटली. साताऱ्याहून पुण्याकडे येताना बोगदा ओलांडला की ते एस वळण लागतं, तिथे. पुढच्या ट्रकने ब्रेक मारला, याने मारला, रस्ता ओला, गाडी आडवी होऊन कठड्याला घासत गेली. मित्राला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. गाडीचं नाक मात्र गेलं.

ही गाडी म्हणजे त्याचा जीव की प्राण. दोन सीटची, उघड्या टपाची, फायबरच्या बॉडीची जुनी स्पोर्ट्स कार. देशात अशा मूठभरच असतील. गाडीचं आणि विमा कंपनीचं नाव सांगत नाही, कारण आजचा विषय वेगळा आहे. सर्व्हेअरचा कागद हातात पडल्यावर हा बाबा माझ्याकडे आला आणि म्हणाला, "दादा, मी वर्षानुवर्षं फर्स्ट पार्टी भरतोय. एक क्लेम नाही. आणि आता हे निम्मे पैसे कापतात? ही सरळ लूट आहे."

मी कागद वाचला. लूट नव्हती. सगळं नियमाप्रमाणे होतं. पण तो नियम कुठून आला हे शोधायला बसलो आणि थेट समुद्रावर पोचलो. तीच गोष्ट आज सांगतो.

आधी "फर्स्ट पार्टी" या शब्दाचा निकाल लावू. असा विमा कायद्यात नाही. करारातला पहिला पक्ष म्हणजे आपण, दुसरा म्हणजे विमा कंपनी आणि तिसरा म्हणजे रस्त्यावरचा तो माणूस, ज्याला आपल्या गाडीने धडक बसते. कायदा बोलतो तो या तिसऱ्याबद्दल. ब्रिटनने १९३० च्या रोड ट्रॅफिक ॲक्टने तिसऱ्या पक्षाचा विमा सक्तीचा केला. आपल्याकडे १९१४ चा मोटार कायदा होता, त्यात अशी सक्ती नव्हती. १९३६-३७ मध्ये सरकारने मोटार विम्यावर समिती नेमली, तिच्या मागोमाग १९३९ चा मोटार वाहन कायदा आला. त्यात विम्याचं प्रकरण होतं, पण महायुद्ध मध्ये आलं आणि ती सक्ती प्रत्यक्षात लागू झाली १ जुलै १९४६ पासून.

म्हणजे बघा, ऐंशी वर्षं होत आली तरी सरकारची मोटार विम्यातली काळजी एकच आहे: चिरडला गेलेला माणूस किंवा त्याचं कुटुंब उघड्यावर पडू नये. १९५६ ला अपघातांच्या दाव्यांसाठी न्यायाधिकरणं आली. १९८२ ला चूक कुणाची हे न बघता द्यायची भरपाई आली, मृत्यूसाठी १५ हजार रुपये. नंतर १९८८ चा नवा कायदा. २०१८ ला सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने नव्या कारला ३ वर्षांचा आणि दुचाकीला ५ वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घेणं बंधनकारक झालं. आणि हे बरोबरच आहे. तरीही आपल्या रस्त्यांवरची निम्म्याहून जास्त वाहनं विम्याविना फिरतात, त्यात बहुतेक दुचाक्या. तुमच्या गल्लीत उभ्या गाड्या मोजा आणि स्वतःलाच विचारा.

या सगळ्यात आपल्या स्वतःच्या गाडीचं काय? काही नाही. ती आपण आणि कंपनीने आपसात बघायची. ते "आपसात" कसं ठरलं, तिथे खरा इतिहास आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या लॉइड्समध्ये पहिल्यांदा कुणी मोटारीचा विमा मागायला गेलं. लॉइड्सचा सगळा धंदा जहाजांचा. मोटारीसाठी छापील कागदच नव्हता. मग जहाजाच्याच पॉलिसीवर त्यांनी काम भागवलं, मोटार म्हणजे जमिनीवर चालणारं जहाज असं समजून. ही गोष्ट विनोद म्हणून सांगतात. पण मित्राचा सर्व्हे रिपोर्ट वाचताना मला हसू येईना, कारण त्यातले सगळे शब्द बंदरावरचे होते.

सर्व्हेअर हा मुळात जहाज तपासणारा. सॅल्व्हेज म्हणजे बुडालेल्या जहाजातून वाचवलेला माल. "कन्स्ट्रक्टिव्ह टोटल लॉस" ही संपूर्ण कल्पनाच सागरी विम्याची: जहाज खडकावर अडकलंय, तसं शाबूत आहे, पण सोडवून दुरुस्त करायला जहाजाच्या किमतीहून जास्त खर्च येणार, तर ते बुडालंच असं समजायचं. ब्रिटनच्या १९०६ च्या सागरी विमा कायद्यात हे लिहिलेलं आहे आणि आपल्या १९६३ च्या सागरी विमा कायद्यातही आहे.

आणि घसारा? तोही तिथलाच. लाकडी जहाजाचं शीड फाटलं, डोलकाठी मोडली, तर मालकाला जुन्याच्या जागी नवं मिळतं. म्हणजे त्याचा फायदा होतो. विमा नुकसान भरून काढायला असतो, फायदा करून द्यायला नाही. म्हणून दुरुस्तीच्या बिलातून एक तृतीयांश कापायची रीतच होती. १९०६ च्या कायद्यात "रूढीप्रमाणे होणारी वजावट" म्हणून ती येते. तीच रीत पुढे कोष्टक होऊन आपल्या डिक्कीतल्या पॉलिसीपर्यंत आली.

आपल्याकडे हा धंदा बराच काळ मुंबई आणि कलकत्त्याच्या खाजगी कंपन्यांचा होता. फोर्टात महात्मा गांधी रोडवरून जाताना न्यू इंडिया ॲश्युरन्सची १९३६ ची इमारत दिसते बघा, समोरच्या दर्शनी भागावर ते भव्य पुतळे असलेली. मास्टर, साठे अँड भुता यांची वास्तुरचना आणि ना. ग. पानसरे यांचं शिल्पकाम. ही कंपनी दोराबजी टाटांनी १९१९ ला काढली. (कधी गेलात तर दोन मिनिटं थांबून वर बघा. आपण फोर्टात नेहमी खाली बघून चालतो.) आयुर्विमा १९५६ ला सरकारी झाला तरी सर्वसाधारण विमा खाजगीच राहिला. १९६८ च्या दुरुस्तीने विमा कायद्यात दोन गोष्टी आल्या. दर ठरवणारी समिती कायद्याने बसली, आणि २० हजार किंवा त्याहून मोठ्या दाव्यासाठी परवानाधारक सर्व्हेअर सक्तीचा झाला. मे १९७१ मध्ये सरकारने या कंपन्यांचं व्यवस्थापन हातात घेतलं आणि १ जानेवारी १९७३ पासून १०७ विमा कंपन्यांच्या चार झाल्या. नॅशनल, न्यू इंडिया, ओरिएंटल, युनायटेड इंडिया. पुढची पंचवीस-सव्वीस वर्षं प्रीमियम कुठेही भरा, दर तोच, कापाकापी तीच.

मग १९९९ चा कायदा, खाजगी कंपन्या परत, आणि १ जुलै २००२ पासून नवं इंडिया मोटर टॅरिफ. आज तुमच्या पॉलिसीत जे कोष्टक छापलेलं असतं ते बहुतांशी यातलं. २००७ च्या पहिल्या तारखेला दर खुले झाले, भाषा मात्र तशीच राहिली.

हे कोष्टक एकदा नीट समजून घ्या, कारण अपघात झाल्यावर कुणी समजावून सांगत नाही. रबर, नायलॉन, प्लास्टिक, टायर, बॅटरी यावर ५० टक्के कट. फायबरग्लासवर ३० टक्के. काचेवर काहीच नाही. बाकी भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे: पहिले सहा महिने शून्य, वर्षभरापर्यंत ५, मग १०, १५, २५, ३५, पाच ते दहा वर्षांत ४० आणि दहा वर्षांच्या वर ५०. रंगकामाच्या बिलाचा चौथा हिस्सा रंगाचा माल धरायचा आणि त्याच्या निम्मे कापायचे. मजुरी पूर्ण मिळते. अपघाताच्या जागेवरून गाडी उचलून आणायला कारसाठी १,५०० रुपये. हो, पंधराशे. खंबाटकीवरून पुण्याला फ्लॅटबेडवाल्याने साडेसहा हजार घेतले.

आता मित्राचं बिल, गोल आकड्यांत. चेसीसचं सरळीकरण, सस्पेन्शन, रेडिएटर वगैरे लोखंडी-ॲल्युमिनियमचे भाग ८० हजार, मिळाले ४०. फायबरचं नाक आणि उजवा दरवाजा ६० हजार, मिळाले ४२. रबर-प्लास्टिक २० हजार, मिळाले १०. काच १६ हजार, पूर्ण. मजुरी ४० हजार, पूर्ण. रंग २४ हजार, मिळाले २१. एकूण बिल २ लाख ४० हजार, मंजूर १ लाख ६९ हजार, त्यातून सक्तीचे १ हजार वजा. टोइंगचे पाच हजार धरले तर खिशातून ७७ हजार गेले. शिवाय ५० टक्के नो क्लेम बोनस शून्यावर आला, त्याचं दुखणं पुढची पाच वर्षं.

पण यापेक्षा मोठा फटका त्याला बसता बसता राहिला. पॉलिसीत गाडीची किंमत त्याने स्वतःच ३ लाख लिहून घेतली होती. गाडी पाच वर्षांच्या पुढे गेली की किंमत कोष्टकात नसते, कंपनी आणि मालक मिळून ठरवतात. दरवर्षी एजंट विचारायचा, "सर, कमी टाकू का? प्रीमियम वाचेल." हा म्हणायचा टाक. आता नियम असा की दुरुस्तीचा खर्च त्या किमतीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की टोटल लॉस. ३ लाखाचे ७५ टक्के म्हणजे सव्वादोन लाख. बिल होतं २ लाख ४०. जहाज बुडालं!

कंपनीचं पहिलं पत्र तेच आलं. गाडी आमच्या हवाली करा, आरसी जमा करा, पैसे घ्या. मित्र दोन रात्री झोपला नाही. खर्च घसारा कापण्याआधीचा धरायचा की नंतरचा, यावर गॅरेजात बसून कितीही भांडता येतं, कारण टॅरिफच्या वाक्यातच "पॉलिसीच्या अटींच्या अधीन राहून" असे शब्द आहेत. आम्ही तेच शब्द धरून पत्र लिहिलं. घसाऱ्यानंतरचा आकडा मर्यादेच्या आत बसत होता. सहा आठवड्यांनी कंपनीने दुरुस्तीच्या बाजूने मान्य केलं. सर्व्हेअरशी वाद घालायचाच नाही असं पुष्कळांना वाटतं. पण त्याचा रिपोर्ट हा अखेरचा शब्द नाही, असं सुप्रीम कोर्टाने २००९ मध्ये म्हणून ठेवलंय. त्याहून वर जायचं तर विमा लोकपालाचं कार्यालय पुण्यातच आहे. ही लोकपालाची व्यवस्था १९९८ पासून आहे.

आता उलट टोकाचं उदाहरण. मिस्टर बीन सगळ्यांना माहीत आहे. त्या रोवन ॲटकिन्सनकडे मॅक्लारेन एफ वन होती. गॉर्डन मरेने डिझाइन केलेली, ड्रायव्हरची सीट मधोमध, कार्बन फायबरचा सांगाडा, बीएमडब्ल्यूचं व्ही १२ इंजिन. सगळ्या मिळून १०६ बनल्या. त्याने ती १९९७ ला घेतली, १९९९ ला एका ऑस्टिन मेट्रोला ठोकली, आणि ऑगस्ट २०११ मध्ये केंब्रिजशरमध्ये ओल्या रस्त्यावर ताबा सुटून झाडावर घातली. गाडीने पेट घेतला, तो खांद्याच्या दुखापतीवर वाचला. दुरुस्तीला वर्षाहून जास्त लागलं आणि बिल झालं ९ लाख १० हजार पौंड, तेव्हाच्या भावाने साधारण साडेसात कोटी रुपये. त्याने गाडी घेतली त्यापेक्षा जास्त. ब्रिटनमधली गाडीच्या दुरुस्तीची तोवरची सगळ्यात मोठी विमा रक्कम म्हणून तिची बातमी झाली. विमा कंपनीने पैसे दिले, कारण गाडीचा बाजारभाव तोवर दुरुस्तीच्या कित्येक पट झाला होता. २०१५ मध्ये तीच दोनदा आपटलेली गाडी सुमारे ८० लाख पौंडांना विकली गेली.

इथे मेख आहे. जहाजाचं लाकूड कुजतं, शीड विरतं, म्हणून वजावट योग्य. पाच वर्षं वापरलेल्या हॅचबॅकलाही तेच लागू. पण काही गाड्यांची किंमत वयाबरोबर वाढते. त्यांच्या बंपरला घसारा लावणं म्हणजे आजीच्या नथीतला मोती जुना झाला म्हणून निम्म्या भावात धरण्यासारखं आहे.

आपल्या टॅरिफ बनवणाऱ्यांना हे कळत नव्हतं असं नाही. २००२ च्या त्याच टॅरिफमध्ये एक खिडकी आहे. "ॲग्रीड व्हॅल्यू" पॉलिसी, म्हणजे किंमत आधीच दोघांनी ठरवायची आणि टोटल लॉस झाला तर घसारा न कापता तेवढी पूर्ण द्यायची. शिवाय प्रीमियममध्ये सूट. फक्त अट अशी की गाडी व्हिंटेज हवी, तसं प्रमाणपत्र मुंबईच्या व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाचं हवं, आणि व्हिंटेज म्हणजे ३१ डिसेंबर १९४० च्या आधी बनलेली. म्हणजे कुठल्या संस्थानिकाची रोल्स चालेल. साठच्या दशकातली हेराल्ड, तुमच्या वडिलांची फियाट अकराशे, किंवा मित्राची ही फायबरची, सगळ्या नुसत्या जुन्या गाड्या.

बरं, १५ जुलै २०२१ ला केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम आणले. तिथे पन्नास वर्षांपूर्वी पहिली नोंदणी झालेली आणि मूळ स्वरूपात असलेली गाडी व्हिंटेज. नंबरात "व्हीए" अक्षरं, नव्या नोंदणीची फी २० हजार, आणि रोज फिरवायची नाही, फक्त रॅली-प्रदर्शनाला. म्हणजे आरटीओची व्हिंटेजची व्याख्या दरवर्षी एक वर्ष पुढे सरकते आणि विम्याच्या जुन्या कोष्टकातली १९४० वर गोठलेली आहे. दोन्ही कागद सरकारी, एकमेकांना ओळखत नाहीत.

गंमत म्हणजे याच टॅरिफमध्ये कस्टम ड्युटी न भरता आलेल्या गाडीसाठी वेगळं कलम आहे. मला ते वाचताना सचिनची फेरारी आठवली. ब्रॅडमनच्या २९ शतकांशी बरोबरी झाली म्हणून २००२ मध्ये मायकल शूमाकरच्या हस्ते मिळालेली ३६० मोडेना. १ कोटी १३ लाखांची ड्युटी माफ करायची की नाही यावर देशभर वाद, प्रकरण कोर्टात, आणि शेवटी ती रक्कम फियाटने भरली. त्या गाडीवर आपण इतकं भांडलो, पण ती ठोकली तर दुरुस्तीचं काय, हे कुणीच विचारलं नाही.

दर खुले झाल्यावर कंपन्यांनी "झिरो डेप" आणलं. जास्त प्रीमियम भरा, घसारा कापणार नाही. चांगलं आहे, पण ते बहुतेक ठिकाणी गाडीची पहिली काही वर्षंच मिळतं. म्हणजे ज्याला सगळ्यात कमी घसारा लागतो त्याला संरक्षण, आणि ज्याचं निम्मं कापलं जातं त्याला दार बंद. धंद्याच्या हिशेबाने ठीक असेल. मला पटत नाही.

दुरुस्ती कशी झाली तेही सांगतो, कारण मला त्यातच जास्त मजा आली. नवं नाक मिळणं शक्य नव्हतं. नाना पेठ पालथी घातली, कुर्ल्याला दोन चकरा झाल्या. रेडिएटर दुसऱ्याच गाडीचा बसवला, हेडलाइट कुर्ल्यात सापडले. नाकासाठी कोल्हापूरचा एक मालक देवासारखा धावून आला. त्याच्याकडे तशीच गाडी. त्याने आपल्या गाडीचं नाक स्वतः उतरवून चार दिवसांसाठी दिलं. गणपती मंडळांच्या रथांचं फायबरकाम करणारा एक कारागीर आहे, त्याने त्यावरून साचा काढला, मॅट आणि रेझिनचे थर दिले, घासून, लांबी लावून, प्रायमर मारून असं काही उभं केलं की मूळ कुठलं ते कळू नये.

आणि तिथेच कंपनीने पुन्हा अडवलं. पार्ट नंबर काय? जीएसटीचं बिल कुठंय? कारागिराकडे बिलबुक नव्हतं. पार्ट नंबर तर नव्हताच, कारण तो पार्ट त्या दिवसापर्यंत अस्तित्वातच नव्हता. शेवटी गॅरेजने स्वतःच्या बिलात फायबरकाम म्हणून दाखवलं, सर्व्हेअरने दुरुस्तीनंतरची तपासणी करताना नाकावर बोटं वाजवून बघितली, साचा बघितला, आणि सही केली. जाताना म्हणाला, "असं काम पहिल्यांदाच बघतोय." माणूस वाईट नव्हता. त्याच्या फॉर्ममध्ये रकाना नव्हता एवढंच.

आता साचा मित्राच्या गच्चीवर ताडपत्रीखाली आहे. अजून दोन मालकांनी मागून ठेवलाय.

पुढच्या महिन्यात रिन्यूअल आहे. या वेळी किंमत ३ लाख नाही, ७ लाख लिहा म्हणून अर्ज केलाय. सोबत मूल्यांकनाचा कागद, फोटो, आणि हल्ली अशा गाड्या कितीला गेल्या त्याची कात्रणं जोडलीत. एजंट म्हणाला, "सर, एवढ्या जुन्या गाडीला सिस्टम सात लाख घेत नाही." कंपनीचं लेखी उत्तर अजून यायचंय. आलं की खाली कमेंटमध्ये टाकतो. तोवर तुमच्यापैकी कुणाकडे अशी जुनी गाडी असेल तर पॉलिसी काढा आणि किंमत किती लिहिलीय ते मला सांगा.